महादूदादांनी निवडून दिलेलं पिल्लू

गेल्या वर्षी फेब्रुवारीतला दुसरा रविवार, सकाळचे अकरा. कल्याण रस्त्याला लागून असलेल्या एका बंगल्याची गच्ची. रक्कम बावीस हजार. पैकी दोन हजार इसार आदल्या आठवड्यात दिलेला, उरलेले वीस हजार माझ्या शर्टाच्या आतल्या खिशात. हजर माणसं चार : मी, माझी मुलगी केतकी, पिल्लं विकणारा आणि महादूदादा. यांतले महादूदादा दीड महिन्यापूर्वी गेले. सकाळी फोनवर त्यांचं नाव दिसलं म्हणून मी नेहमीसारखं “बोला दादा” म्हणालो, आणि पलीकडून वहिनी बोलल्या. छातीत पाणी झालं होतं. ते रजेवर आहेत एवढंच मला ठाऊक होतं; अकरा दिवस दवाखान्यात होते, हे त्या फोनवर कळलं.

भिवंडीजवळ दापोड्याला ज्या गोदामात मी बाहेर जाणारे खोके मोजतो, तिथे ते मुख्य पहारेकरी होते. घर खारबावच्या बाजूला, थोडी भातशेती. गोदामाच्या फाटकावर त्यांची पाच कुत्री असायची आणि पाचांची कामं ठरलेली असायची. एक गाड्या ओळखायची, एक माणसं. एक नुसतीच भुंकायची. “तिला तेवढंच जमतं, म्हून तिला तेवढंच काम,” असं ते सांगायचे. आसपासच्या गोदामांतून कुणाला कुत्रं ठेवायचं असलं की तो दादांकडे यायचा. मी मात्र गेलो नव्हतो. मी तक्ता केला होता.

तक्त्यात आठ जाती आणि बारा रकाने होते. किंमत, खाण्याचा महिन्याचा खर्च, हुशारी, राखण, केस गळणं, आजार वगैरे. प्रत्येकाला दहापैकी गुण. हस्की आपल्या उन्हाळ्यात बसत नाही म्हणून ती आधीच बाद. पग जातीला श्वासाचा त्रास, बीगल गळा काढून भुंकतो. शेवटी लॅब्राडोर एक्क्याण्णव, जर्मन शेफर्ड चौऱ्याण्णव. पहिल्या नंबरावर इसार देऊन टाकला आणि मग, केवळ पिल्लू उचलायला जाणकार माणूस बरोबर असावा म्हणून, दादांना घेऊन गेलो. रिक्षात त्यांनी तक्ता मागून घेतला. प्रत्येक रकान्यावरून बोट फिरवत त्यांनी तो सावकाश वाचला, घडी घातली आणि परत दिला.

गच्चीवर सहा पिल्लं होती, पाच आठवड्यांची. त्यांतलं एक धावत आलं आणि माझ्या बुटाची नाडी ओढायला लागलं. मी म्हटलं, हेच. विकणारा खूश झाला. “साब, नजर है आपकी. बाप चॅम्पियन है इसका.” दादांनी विचारलं, “आणि माय कुठं हाय?”

“माँ तो फार्म पे है, चाचा.”

“मग फार्मावर जाऊ. सोयरीक करताना बी आधी माय बघतात. माय अंगावर येणारी हाय का शांत, ते बघितल्याबिगर पोर कसं उचलायचं?”

विकणाऱ्याने माझ्याकडे बघून विचारलं, “ये वॉचमन है क्या?” दादाच म्हणाले, “हां भाई, वॉचमनच. तेरे जैसा सेठ होता तो बिना दिखाए बेचता.” केतकी फिसकन हसली. मला ते आवडलं नाही. मग दादांनी मला बाजूला घेतलं. “दुपारच्याला घरात कोन असतं?” मी म्हटलं, आई. सकाळी नऊला मी आणि माझी बायको सुनंदा निघतो, केतकी शाळेत. पाचपर्यंत आई एकटीच. “मग तुमच्या कागदात म्हातारीचा रकाना कुठं हाय?”

नव्हता. खाण्याच्या पाकिटाच्या वजनाचा रकाना होता, आईचा नव्हता. आई एक्याऐंशीची. दीड वर्षापूर्वी खुब्याचा सांधा बदललेला, चार पायांचा वॉकर धरून चालते, वजन एक्केचाळीस किलो. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की दुसऱ्यांदा पडल्या तर उठणार नाहीत. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. सगळं ठाऊक होतं, फक्त ते कुत्र्याच्या कागदावर लिहायचं असतं हे सुचलं नव्हतं. पण चूक बाजूला घेऊन दाखवली तरी माणसाला लागते. मी म्हणालो, “दादा, तुम्हाला गोदामावरची कुत्री कळतात. घरात पाळायची वेगळी असतात.”

दादा म्हणाले, “आठ दिस थांबा. इसार बुडला तर माझ्याकडून घ्या.” मी थांबलो ते पटलं म्हणून नाही. विकणारा “आजच न्या, उद्या भाव वाढेल” म्हणायला लागला, तशी घाई मला कामातही खपत नाही, म्हणून थांबलो.

दुसऱ्या दिवशी दादांनी गोदामात माझ्या टेबलावर एक साखळी आणून ठेवली. कुत्र्याची, पण कुत्र्याशिवायची. पिल्लू मागायला येणाऱ्या प्रत्येकाला ते आधी ही रिकामी साखळी द्यायचे : आठ दिवस, सकाळी साडेपाचला अर्धा तास, दुपारी एकदा, रात्री जेवणाआधी अर्धा तास ती घेऊन फिरायचं. आठ दिवस जमलं तरच पुढचं बोलणं. निम्मे लोक चौथ्या दिवशी साखळी परत करायचे, आणि ते काही न विचारता ती खिळ्याला अडकवायचे. त्यांच्या मते कुत्रं पाळणं म्हणजे काय हे त्यातच कळायचं. लोकांनी आधी हौसेने आणलेली आणि मग बायपासला सोडून दिलेली तीन कुत्री त्यांनी सायकलवर हिंडून शोधली होती. दोन सापडली होती.

आमच्या कामतघरच्या गल्लीत पहाटे रिकामी साखळी घेऊन फिरणं सोपं नाही. रात्रपाळी सुटलेले पॉवरलूमचे कामगार चहाला थांबलेले असतात. “भाईसाब, कुत्ता भाग गया क्या?” रोज एक तरी विचारायचाच. केतकीला एकाने दोन गल्ल्या शोधून येऊ का, असंही विचारलं. आठ सकाळींपैकी केतकी पाच, मी तीन. रात्री सुनंदा सहा, मी दोन. दुपारी शून्य. दुपारी घरात आईशिवाय कोणी नव्हतंच. चौऱ्याण्णव गुणांचं जनावर नऊ ते पाच दीड खोलीत काय करणार होतं, याचं उत्तर माझ्या कुठल्याच रकान्यात नव्हतं.

आठ दिवस भरल्यानंतरच्या रविवारी दादा घरी आले. स्वयंपाकघरातून संडासाकडे जाणाऱ्या पॅसेजमध्ये उभे राहून म्हणाले, “टेप आना.” मी टेप आणली. पॅसेज छत्तीस इंच. आईचा वॉकर बावीस. “ऱ्हायले किती?” चौदा. “चवदा इंचात मावनारं आना, न्हायतर वाटंतून उठनारं आना.” एवढंच. आकडा दाखवला की मला दुसरं काही समजावून सांगावं लागत नाही, हे त्या माणसाने ओळखलं होतं.

आई हे सगळं दिवाणावर बसून बघत होती. दादांनी तिला विचारलं, “आजी, तुमाला कुत्रं पायजे का?” ती म्हणाली, “मला कोणी विचारलंच नव्हतं हो. मला वाटलं, एवढं मोठं कुत्रं आणतायत म्हणजे मला आता नाशिकला धाकट्याकडे धाडणार. एका घरात दोघं कसे मावणार? मी कपडे वेगळे काढून ठेवलेत.”

सुनंदाने कपाट उघडलं. खालच्या फळीवर पाच लुगडी, औषधांची पिशवी आणि बाबांचा फोटो, सगळं एका चादरीत बांधलेलं. आम्ही आठ दिवस साखळी घेऊन गल्ल्या फिरत होतो आणि आई गाठोडं बांधून बसली होती. त्या दुपारी आमच्यापैकी कोणी जेवलं नाही. दादाच म्हणाले, “आता म्हातारीनंच निवडायचं. माझ्या घरची कुत्री काली याली हाय, सात पिल्लं. गावठी हाय, कागद न्हाय. पन माय दाखवतो.”

ती पिल्लं तेव्हा चार आठवड्यांची होती. दोन महिन्यांची झाल्याशिवाय नेऊ देणार नाही, असं त्यांनी बजावलं. किती जोराने चावलं की समोरचा रडतो, हे पिल्लाला त्याची आई आणि भावंडंच शिकवतात, माणसाला ते शिकवता येत नाही. म्हणून चार रविवार आम्ही आईला रिक्षाने त्यांच्या अंगणात नेलं. वहिनी खुर्ची मांडायच्या, आई वॉकर समोर घेऊन बसायची, दादा पिल्लं सोडायचे. काली जवळच पडून असायची. अनोळखी माणसाला बघून उठायची, हुंगायची आणि परत जाऊन पडायची. पहिल्या रविवारी एक पिल्लू उड्या मारत आलं आणि मी पुन्हा बोट दाखवलं. “परत तोच डोला!” दादा हसले. “जो पयला येतो तो तुमाला आवडतो. तो म्हातारीच्या अंगावर बी पयलाच जाईल.” एक पिल्लू टोपल्यामागून बाहेरच येईना, तेही नको, घाबरट कुत्रं चावतं. मग त्यांनी मागे स्टीलचं ताट टाकलं. आमच्या घरामागे लूम आहेत, आवाजाला बिचकणारं जनावर तिथे वेडं होईल. सगळी पिल्लं पळाली. त्यांतली तीन थांबून वळली, आणि एक तांबूस मादी परत येऊन ताट हुंगायला लागली.

तीच पुढे आईच्या वॉकरपाशी आली. रबरी टोक हुंगलं. आईने वॉकर उचलून पुढे टेकवला तशी ती बाजूला सरली आणि बसून बघत राहिली. एकदा झालं तर योगायोग म्हणता येतो, म्हणून मी पुढचे तिन्ही रविवार लिहून ठेवलं. दहा वेळा वॉकर टेकवला तर पहिल्यांदा सात, मग नऊ, मग दहा वेळा ती वाटेतून सरकली. चौथ्या रविवारी आई म्हणाली, “ही ठमी माझी.” नाव तिथेच ठरलं. मी पाकीट काढलं तर दादांनी माझा हात खाली केला. “कुत्रं इकत न्हाय मी. जमलं न्हाय तर रस्त्यावर सोडू नका, मागारी आना. तेवढं कबूल करा.” मी कबूल केलं.

ठमीची आज वाढ पूर्ण झाली आहे, वजन तेरा किलो. पहिल्या सहा महिन्यांत तिने दोन चपला, एक रिमोट आणि केतकीची प्रयोगवही खाल्ली. ती पॅसेजमध्ये झोपत नाही, दिवाणाखाली झोपते. आई उठली की तीही उठते आणि वॉकरच्या डाव्या बाजूने, एक हात अंतर ठेवून चालते. दुपारी आई दर तासाला दार उघडून तिला मागच्या गॅलरीत नेते, जाता-येता तीस पावलं. डॉक्टर वर्षभर आईला जेवढं चाला म्हणत होते, त्याहून ते जास्त भरतं. गाठोडं सुटलं, लुगडी वरच्या फळीवर गेली. आणि आई पडली नाही. हे वाक्य लिहिताना मला अजूनही सुटल्यासारखं वाटतं.

एक गोष्ट मात्र मला सलत होती. गच्चीवरचं ते बोलणं. ते आजारी पडायच्या आधीच्या आठवड्यात फाटकावर चहा घेताना मी एकदाचं म्हणालो, “दादा, त्या दिवशी मी तुम्हाला बोललो ते चुकलं. घरातली कुत्रीही तुम्हालाच कळतात.” त्यांनी बशीतला चहा फुंकला. “कवा बोलला? मला त आठवत बी न्हाय.” मग म्हणाले, “पन बरं झालं बोलला. मी वर्षभर वाट बघत व्हतो.” आणि हसले. तीच आमची शेवटची भेट. मी बोललो नसतो तर... पण बोललो होतो.

दादांचं दिवसकार्य झाल्यानंतरच्या रविवारी आईने हट्टच धरला, म्हणून रिक्षा करून आम्ही खारबावला गेलो. रस्त्यापासून घरापर्यंतची पायवाट आई वॉकर टेकवत चालली, ठमी तिच्या डावीकडे. वहिनी दारात आल्या. त्यांनी माझ्याकडे नाही, आईकडेही नाही, आधी ठमीकडे बघितलं, आणि मग त्यांना रडू आलं. सावरल्यावर म्हणाल्या, “दवाखान्यात नवव्या दिशी शुद्ध व्हती तवा मला इचारलं, भिवंडीवालं पिल्लू मागारी आलं का? मी बोल्ले, न्हाय आलं. मग इचारलं, म्हातारी? मी बोल्ले, चालते हाय. मग निजले.”

मी त्यांच्यापुढे पाच हजारांचं पाकीट धरलं. वहिनींनी हात लावला नाही. “त्यांनी घेतलं न्हाय, मी कशाला घेऊ? देयाचंच आसल त कालीला पिसाळायची सुई मारायची ऱ्हायली. ते दवाखान्यात पडले आन तारीख गेली.” म्हणून कालीला रिक्षात घेतलं आणि जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. वाटभर आई मागे बसली होती. एका बाजूला काली, पायाशी ठमी, मधे वॉकर. दवाखान्यात टेबलावरच्या माणसाने नवं कार्ड पुढे ओढलं आणि मालकाचं नाव विचारलं. वहिनींनी स्वतःचं नाव सांगितलं, पूर्ण, आणि त्याने लिहिलेलं नीट आहे का ते मला वाचायला लावलं. नीट होतं. सुईचे साडेतीनशे रुपये झाले. ते मी त्या टेबलावरच्या माणसाच्या हातात दिले, आणि पावती वहिनींकडे दिली.