नकाशावरची जाड रेघ

"इथूनच का?"

सायकलवरचा एक पाय जमिनीला टेकवून, हेल्मेट जरा मागे सरकवून त्या हा प्रश्न विचारायच्या. कुणालाही. गल्लीत वळणाऱ्याला, रस्ता ओलांडणाऱ्याला, दुभाजकावरून उडी मारणाऱ्याला. कुठे निघालात असं विचारणारी माणसं तुम्हीही पुष्कळ पाहिली असतील. पण तिकडे इथूनच का निघालात, असं विचारणारं माणूस भाईंदर पूर्वेला एकच होतं आणि ते नेमकं आमच्या सोसायटीत भाड्याने राहत होतं.

पायी आणि सायकलने जाणारे लोक रस्ता कसा निवडतात, यावर बाईंचं संशोधन चालायचं. कुठल्याशा संस्थेत त्या नोकरीला होत्या. "म्हणजे लोक चालतात ते बघायचं आणि त्याचा पगार घ्यायचा?" आमच्या चेअरमनसाहेबांनी विचारलं. ते स्वतः समोरच्या जिमलाही गाडीने जातात आणि आत गेल्यावर पट्ट्यावर चालतात. त्यामुळे चालण्याच्या बाबतीत सोसायटीत त्यांचाच शब्द शेवटचा.

मलाही बाईंनी एकदा पकडलं. मार्केटला जाताना मी जवळची गल्ली सोडून लांबून वळसा घालतो.

"इथूनच का, काका?"

"सावली असते हो."

"या वेळी तर इकडेच ऊन असतं," त्या शांतपणे म्हणाल्या.

त्या रस्त्याला वड्याची गाडी आहे आणि माझं कोलेस्टेरॉल उतरवण्याचा विडा बायकोने उचललाय, हे शेवटी मला कबूल करावं लागलं. "थँक्यू काका, फार महत्त्वाचं आहे हे!" बाई अगदी मनापासून म्हणाल्या. आयुष्यभर ऑफिसात खपलो, माझं एकही काम कुणाला महत्त्वाचं वाटलं नव्हतं. वडा मात्र विज्ञानाच्या कामी आला.

सायकलवरून पाव विकणाऱ्या एका भय्याच्या मागे तर त्या इंद्रलोकपासून पार पूनम सागरपर्यंत गेल्या. शेवटी तो घाबरून खाली उतरला.

"मॅडम, मेरे पीछे क्यूँ आ रहे हो? मैंने क्या किया?"

"कुछ नहीं भैया. बस इतना बताओ, राँग साइड से क्यूँ आए?"

"उधर कुत्ते हैं, मॅडम."

बाईंचा चेहरा असा खुलला, की त्यांना काहीतरी दंड वसूल करायचाय असं वाटून त्याने चार पाव फुकट देऊ केले.

आता मागच्या गेटाकडे येतो. मागच्या जुन्या गावातल्या बायका सकाळी त्या गेटातून आमच्याकडे यायच्या. कुणी घरकामाला, कुणी भाजी विकायला, कुणी आरपार जाऊन स्टेशनची शेअर रिक्षा पकडायला. त्यांतल्या भाजीवाल्या म्हाताऱ्या मावशींना बाईंनी आपला नेहमीचा प्रश्न विचारला, तेव्हा मावशी म्हणाल्या, "मंग कुठून येऊ? आमच्या मिठागराचा बांध हाय ह्यो. तुमची बिल्डिंग मागून आली."

त्या गेटाची एकच झडप उघडी असायची. दोन्ही उघडाव्यात, तिथे दिवा लागावा, सायकल ढकलता येईल असा उतार व्हावा, असं बाईंच्या मनात होतं. म्हणून सोसायटीच्या सभेत त्यांनी आपणहून नकाशा मांडला. जितकी माणसं जास्त, तितकी रेघ जाड. मागच्या गेटातून जाणारी लाल रेघ सगळ्यांत जाड होती. "बघा, लोकांना हाच रस्ता हवाय," त्या म्हणाल्या. आनंदाने त्यांचा आवाज कापत होता.

चेअरमनसाहेब चष्मा लावून नकाशाजवळ गेले. "बापरे! एवढी बाहेरची माणसं?"

बाईंना पुष्पगुच्छ मिळाला. दुसऱ्या दिवशी मागच्या गेटाला कुलूप लागलं आणि नोटीस बोर्डावर कारण आलं, 'शास्त्रीय अभ्यासाअंती, सुरक्षेसाठी.' खाली बाईंचे नावानिशी आभार. आमच्या कमिटीने शास्त्राचा आधार घेतल्याचं मला तरी दुसरं उदाहरण आठवत नाही.

बाईंनी कमिटीच्या दाराशी खेटे घातले. गेट उघडत नसाल तर निदान माझं नाव तरी काढा, म्हणाल्या. "अहो मॅडम, संकोच कसला? श्रेय घ्या की!" चेअरमन म्हणाले.

बायकांना आता डंपरच्या मोठ्या रस्त्याने वळसा पडू लागला. तिथे फुटपाथ नाही. बाई रोज सकाळी गावाच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहायच्या आणि त्यांच्याबरोबर चालत यायच्या. डंपरच्या बाजूला स्वतः, मध्ये सायकल, आतल्या कडेने बायका. "माझ्यामुळे झालं हे, काका. उद्या कुणाला धक्का लागला तर?" एवढंच बोलल्या. लोकांना अडवून विचारणं त्यांनी बंदच केलं. मी मुद्दाम त्यांच्यासमोरून वड्याच्या गाडीकडे वळलो, तरी हटकलं नाही. मला फार वाईट वाटलं.

पुढे भाड्याचा करार संपला, तेव्हा घरमालकाला अचानक एक भाचा आठवला. त्याला म्हणे राहायला जागा हवी होती. तो भाचा अजून कुणी पाहिलेला नाही.

बाईंचं सामान निघालं त्या दिवशी मेन गेटसमोर गटारासाठी खोदून ठेवलं होतं. ब्याद जातेय म्हटल्यावर चेअरमनसाहेबांनी मोठ्या मनाने मागचं गेट उघडलं, तेही दोन्ही झडपा. सामान भरलेला टेंपो निघाला आणि बरोब्बर गेटात बंद पडला. ड्रायव्हर चहाला गेला. बंद गाडीचा इतका निवांत ड्रायव्हर मी पाहिला नव्हता. "इंजिन आहे, काय करणार!" बाई म्हणाल्या. चेअरमन ओरडून ओरडून लाल झाले.

टेंपोच्या बाजूने माणूस जाईल एवढी जागा होती. गावात ही बातमी कशी गेली कोण जाणे, पण संध्याकाळपर्यंत बायका तिथून येत-जात राहिल्या. मग इंजिनला सुबुद्धी झाली, टेंपो गेला, सायकलवरून बाई गेल्या. कुलूप पुन्हा लागलं, ते अजून आहे. बाईंची मला आठवण येते, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

त्या दुपारी मावशींची भाजी कधीच संपली होती. रिकामी टोपली काखेत मारून त्या टेंपोला खेटून आत आल्या, बाहेर गेल्या, पुन्हा आत आल्या. सायकलला टेकून उभ्या बाई त्यांच्याकडे बघत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

"मौसी, जाना किधर है?" वॉचमनने वैतागून विचारलं.

"कुठं न्हाय," मावशी म्हणाल्या आणि पुन्हा बाहेर निघाल्या.