बूट घातलेला बोंबील

कुठल्याही वस्तूला हात घालण्याआधी ती तिच्यावर बोट फिरवायची आणि ते बोट जिभेला लावायची. रिक्षाची काच असो, हेल्मेट असो की बोटीची फळी. मग निकाल यायचा, "खारं हाय. धुवून आन."

बोईसरला तिची रेडियमची टपरी होती. गाड्यांवर चिकटवायची नावं, नंबर, देव, वाघ ती हातानं कापून द्यायची. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा नुकताच बी.कॉम. झालो होतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. मला त्याचा अभिमान होता, आजही आहे, तो लपवायचं काही कारण मला दिसत नाही. जुनी स्कूटर घेतली होती, तिच्यावर मागे 'बी.कॉम.' लिहून हवं होतं. तिनं स्कूटरची चव घेतली.

"खारं हाय. धुवून आन."

"ताई, सकाळीच धुतलीय."

"बोअरच्या पान्यानं धुतली असशील. मीठ राहिलं का खालून सगलं सुटतं, बाबा. पदवी पन."

मी निमूट घरी जाऊन धुवून आणली. त्या दिवसापासून ती मला 'बीकॉम' म्हणायला लागली. घरच्यांनी पेढे वाटले होते, पण रस्त्यावर हाक मारून पदवी दिली ती तिनंच.

ती घिवलीची, समुद्रकाठच्या गावची. बाप बोटींवर नावं रंगवायचा आणि ही रंगाचा डबा धरून उभी. मिठावर रंग टिकत नाही, म्हणून तो आधी फळी जिभेनं तपासायचा. ती सवय तिनं बोईसरच्या धुळीतही सोडली नाही. गिऱ्हाईकं तोंडं वाकडी करायची. ती करू द्यायची.

गिऱ्हाईकं मोबाईल पुढे करून म्हणायची, "सेम टू सेम काप." ती सेम टू सेम कापायची. पण उरलेल्या तुकड्यांतून एक चित्र मात्र तिचं स्वतःचं निघायचं. बूट घातलेला बोंबील. कंपनीत घालतात तसले जाडजूड बूट, वर तो लांब, तोंड उघडं टाकलेला मासा. विजेच्या खांबावर, डब्याच्या झाकणावर, शिफ्टच्या बसच्या पाठीवर. तुम्ही इकडचे असाल तर तुम्हीही तो पाहिला असेल, फक्त कोणाचा ते माहीत नसेल.

"बूट कशाला, ताई?"

"बोंबलाला कना नाय म्हनतात. बूट घातले का उबा राहतो का नाय बघ."

पण तो बोंबील तिच्याकडे कधी कोणी मागितला नव्हता. ते तिला लागायचं. "एकदा कोनी येऊन म्हनू दे, मावशी, तुजंच काड."

तसा एक जण आला. पालघरला तो खेळाच्या सामानाचं दुकान उघडत होता. खांबावरचा बोंबील बघून विचारत विचारत टपरीवर पोचला. सहा स्केटबोर्डच्या कोऱ्या फळ्या ठेवून म्हणाला, "तुमचंच काढा. रविवारी उद्घाटन आहे."

तिनं सहाही फळ्या चाखल्या. "पयलं लाकूड बघितलं, खारं नसलेलं," म्हणाली आणि कामाला लागली. बोटीचा रंग, वर रेडियमचे तुकडे. बोंबील सुकवायच्या वलांडीवरून उतरून कारखान्याच्या चिमण्यांमधून चाललेत, एक रिक्षात बसलाय, एक हेल्मेट घालून शिट्टी मारतोय.

गुरुवारी माझ्या स्कूटरवर मागे बसून, फळ्यांचं गोणपाट मांडीवर घेऊन ती पालघरला आली. दुकानदारानं एक फळी उलटसुलट केली आणि कपाळाला हात लावला.

"मावशी, वरच्या बाजूला पाय ठेवतात. तिथं काळा खरखरीत कागद चिकटवायचा असतो. चित्र खाली पाहिजे."

"खाली? रस्त्याकडं तोंड करून? मंग बघनार कोन?"

"उडी मारली की दिसतं. पडलं की दिसतं."

आता बोटीवर वाढलेल्या बाईला हे कसं सुचावं? तिच्या हिशेबी फळीचं तोंड वर. खालचा भाग पाण्याचा.

"राहू द्या," तो म्हणाला, "मी छापील मागवून घेतो."

मला वाटलं, संपलं. तिनं सहाही फळ्या परत गोणपाटात भरल्या. "छापील कशाला? रविवारी आनते."

परतीच्या वाटेवर उमरोळी मागे पडली. मग माझ्या कानामागून आवाज आला, "बीकॉम, पडल्यावर दिसतं म्हंजे चांगलंच हाय रे. मानूस पडला का कोनी तरी बघायला पायजे."

तीन दिवस टपरी बंद, फळकूट खाली, आत ती फळ्यांच्या खालच्या बाजूला नवे बोंबील रंगवत होती. वरची चित्रं खरवडून काढू का, मी विचारलं.

"हात लावू नको. राहू दे. पायाखाली एक, पोटाखाली एक."

रविवारी सहाही फळ्या दुकानात टांगल्या होत्या, पोट पुढे करून. महिन्याभरात सगळ्या गेल्या. कामानिमित्त मी पालघरला जाऊन आलो की तिचा एकच प्रश्न, "चालताना दिसली काय रे एकादी?" नाही म्हणालो की पुन्हा कापायला बसायची.

गेल्या वर्षी ती तापानं गेली. टपरीच्या जागी आता मोबाईलची कव्हरं मिळतात.

परवा पालघरला नव्या कचेऱ्यांसमोरच्या रुंद रस्त्यावर एक कॉलेजची मुलगी फळीवरून आली, उडी मारली आणि आपटली. फळी उलटी होऊन माझ्या पायापाशी आली. चाकं वर, गरगर फिरत होती. मधे बोंबील, बुटांसकट. सगळीकडे ओरखडे होते, पण रंग कुठेही सुटला नव्हता.

मी बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

"काका, काय करताय?" मुलगी कोपर चोळत उभी होती.

"बघतोय. खारं नाही." मग मी तिला सांगितलं, की वरच्या काळ्या कागदाखाली अजून एक आहे.

तिनं त्या कागदाकडे नीट पाहिलं, फळी सरळ केली, बुटांच्या नाड्या घट्ट बांधल्या आणि पुन्हा तिच्यावर उभी राहिली.