डिकीची दोन भोकं

डोळा लागतोय आणि लागत नाहीय, अशा चिकट मधल्या जागेत शालन लोहार बसून आहे. मे महिना, दुपारचे अडीच, वीज गेलेली, उद्यमनगरातल्या कारखान्यांतले सगळे लेथ गप्प. तिच्या मांडीवर शितोळ्यांच्या जुन्या विलायती गाडीच्या डिकीचं झाकण आहे. समोर बाकावर एक नवाकोरा डबा. त्यात नंबरप्लेटवरच्या दिव्याचं क्रोमचं घर, त्याची पट्टी, रबर, दोन बोल्ट. नवाकोरा म्हणजे सत्तर वर्षांपूर्वीचा. कुणी वापरला नाही म्हणून नवा. जयेंद्र शितोळेनं तो कोइमतूरच्या भंगारवाल्याच्या आठ महिने मागं लागून मिळवलाय. ओरिजिनल. हा शब्द तो आरतीला उभा राहिल्यासारखा उच्चारतो.

आणि ओरिजिनल बसत नाही. झाकणावरच्या दोन भोकांत चार बोटं अंतर आहे, पट्टीवरच्या भोकांत पाच.

"सोपं आहे हो, शालनताई," जयेंद्र सकाळी म्हणाला होता. "जुनी भोकं वेल्डिंगनं बुजवा, घासून सपाट करा, पट्टीप्रमाणं नवीन पाडा. चारला येतो. रविवारी जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात परीक्षक भिंग घेऊन बघतात, भिंग."

सोपंच आहे. अर्ध्या तासाचं काम. सकाळपासून शालननं त्याला हात लावलेला नाही. कंपनीच्या गाडीला कंपनीचा दिवा बसत नाही, तर मग ही भोकं कंपनीची नाहीत. कंपनीची कुणीतरी मागमूस न ठेवता बुजवलीत. आणि ही गाडी कोल्हापुरात आली त्याच्या दुसऱ्या वर्षापासून तिला हात लावला तो एकाच मिस्त्रीनं, दौलू लोहारानं. म्हणजे शालनच्या आबांनी. आबा गेले त्याला नऊ वर्षं झाली. हत्यारं आजारपणात विकली गेली. त्यांनी उभ्या केलेल्या गाड्या केव्हाच भंगारात वितळल्या. भिंतीवर फोटो आहे तोही रेशनकार्डावरून मोठा केलेला, त्यात आबा कुणी दुसरेच वाटतात. ही भोकं त्यांची असतील, तर त्यांच्या हातचं जगात एवढंच उरलंय, आणि ते पुसायला सांगितलंय त्यांच्याच पोरीला. नसतील, तर ती पत्र्यातल्या पोकळीपायी चांगलं गिऱ्हाईक घालवतेय. विचारणार कुणाला?

"कानस उलटी धरलीयास," आबा म्हणतात.

झाकणाच्या पलीकडे उकिडवे बसलेत. खाकी शर्ट, खिशाला तेलाचा डाग. शालनला नवल वाटत नाही. नवल वाटतं ते त्यांच्या पायातल्या कोऱ्या चपलांचं.

"माझ्या हातात कानस नाहीच की, आबा."

"म्हणूनच म्हंतोय."

यावर माणसानं काय बोलायचं? ती झाकण त्यांच्याकडे वळवते. "ही भोकं तुमची का?"

"कुठली?"

"ही. दिव्याची."

आबा वाकतात. आधी एका भोकातून बघतात, मग दुसऱ्यातून. दोन्ही वेळा पलीकडून डावाच डोळा दिसतो. "भोक कुणाचं असतंय व्हय गं, शाले? पत्रा असतोय कुणाचा तरी. भोक म्हंजे पत्रा गेला ती जागा."

"मला कीर्तन नको. चारला माणूस येणाराय."

"मग रांगेत हुबी ऱ्हा की. बसून कोण विचारतंय?"

पासिंगच्या ऑफिसबाहेर ही रांग आहे. ऊन आहे आणि सावल्या नाहीत. प्रत्येकानं आपली नंबरप्लेट छातीशी धरलीय, लेकरू धरावं तशी. आवारात गाडी एकही नाही. खिडकीत साहेब नाही, नुसता एक हात, तो शिक्के मारतोय, कशावर ते दिसत नाही. आबांच्या छातीशी काळी प्लेट आहे, तिच्यावर अक्षर नाही.

"तुमचा नंबर कुठाय?"

"मिस्त्रीला कशाचा नंबर? गाडीला असतोय."

"मग रांगेत कशाला उभं राहिलाय?"

"सगळी हुबी हाईत म्हणून." आबा पुढच्या बाईकडे हनुवटी करतात. "हिला इचार. हिच्या सगळं ध्यानात असतंय."

बाई वळते. ती शालनची आई आहे, पण पंचविशीतली, शालनपेक्षा वीस वर्षांनी लहान. तिनं शालनला ओळखलेलं नाही. "मागनं ढकलू नका हो, बाई," ती म्हणते आणि पुन्हा पुढं बघते. तिच्या अंबाड्यात अबोलीचा गजरा आहे. शालनला हाक मारायची आहे, पण आपल्यापेक्षा लहान बाईला आई कसं म्हणायचं?

खिडकीतला हात चहाची कपबशी पुढं करतो, आणि बशी ज्या पायरीवर टेकते ती शितोळ्यांच्या बंगल्याची आहे. पायरीवर थोरले साहेब उभे. जयेंद्रचे आजोबा. त्यांचे पांढरे बूट दिसतात, वरती टोपी दिसते, मधलं काही शालनला नीट दिसत नाही. मागं गाडी उभी आहे, कोरी, काळीभोर. फाटकाला घासून तिचा नंबरप्लेटवरचा दिवा फुटलाय, पट्टी लोंबतेय. विलायतेहून दुसरा यायला वर्ष लागेल, असं कुणीतरी सांगतंय. आबा तिच्यामागं गुडघ्यावर बसलेत. तरणेबांड. बाजूला घासलेटच्या डब्याचा कापलेला पत्रा, त्याला दिव्याच्या घराचा आकार येत चाललाय.

"मिस्त्री," टोपी म्हणते, "तुमचं काम दिसता कामा नये."

"न्हाई दिसणार, साहेब."

आबा हातड्रिल फिरवतात. कर्र, कर्र. पत्र्याचा कीस गळतो, त्याचा ढीग होतो, ढीग शालनच्या घोट्यापर्यंत येतो. झाकण मात्र सपाट, सलग. भोक पडत नाही.

"म्हणजे तुम्हीच पाडताय," शालन म्हणते. तिचा आवाज उंचावतो. "ही तुमचीच."

"पडलं कुठं अजून?"

"मग हा कीस कशाचा?"

आबा किसाकडे बघतात. त्यांनाही प्रश्न पडलाय. मग एकदम त्यांचं तोंड उजळतं, आणि ते म्हातारे होतात, गेले तेव्हाएवढे. "तुला सांगतो, शाले. ह्यो दिवा बसवला आन् साहेबांनी चार पावण्यांस्नी दाखवला. इलायतेचा का हितला, वळखा म्हणाले. एकालाबी वळखता आला न्हाई. साहेब हासले. म्हणाले, मिस्त्री, तुम्ही हात लावलाय असं वाटतच न्हाई."

"आणि तुम्ही?"

"मीबी हासलो."

मेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांचे बाप मुकाट मेले नसतील. "हसलात? जन्मभर घासत बसला ते कशापायी? तुमचा हात दिसू नये म्हणून? आता त्यांचा नातू भिंग घेऊन फिरतोय, आणि त्याच्या भिंगात तुम्ही म्हणजे चूक आहात. बुजवायची चूक."

"मग काय नाव कोरायचं हुतं व्हय? गाडी त्येंची."

"हात तुमचा होता."

"हाताचा रोज मिळाला की."

एवढं बोलून आबा उठतात. अंगण नाही, बंगला नाही. घरातली चूल आहे, आणि चुलीसमोर परातीत ज्वारीचं पीठ मळलेलं. आबा त्यातली एक गोळी काढतात, दोन बोटांत वळतात आणि डिकीच्या भोकात दाबू लागतात. "रडू नगंस. मीच बुजवून देतो. तुला पाप नगं."

आता भोकं आहेत. केव्हा पडली ते शालनला कळलं नाही. ती त्यांचं मनगट धरते. मनगट जड आहे, ऐरणीसारखं, हलत नाही. "आबा, एकदाच खरं सांगा. तुमची हाईत का न्हाईत?"

आबा तिच्याकडे बघतात. पिठाची गोळी बोटांतच राहते. हळूहळू त्यांच्या तोंडावर ते येतं जे शालननं फक्त दवाखान्यात बघितलं होतं, नर्सनं वार विचारला आणि सांगता आला नाही तेव्हा. लाज.

"ध्यानात न्हाई गं," ते म्हणतात. "लई पाडली. ट्रॅक्टरला पाडली, ट्रकला पाडली, सिनेमावाल्याच्या मशिनीला पाडली. असत्याल माझी. नसत्याल बी. मधी कुणी दुसऱ्यानं पाडली असत्याल."

"दुसरं कुणी हात लावत नव्हतं गाडीला."

"तू म्हंतीयास म्हंजे नसंल लावला." मग खालच्या आवाजात, "तुला कशाला पायजेत?"

"पाहिजेत," ती म्हणते.

"मग मला कशाला इचारतीस? पत्र्याला इचार." आबा पिठाळलेल्या हातानं तिचं डोकं धरतात, लहानपणी तेल घालताना धरायचे तसं, आणि झाकणावर टेकवतात. "दाबून लाव. आणखी दाब. आता ऐक."

पत्रा गार आहे. आत पोकळ हवा घुमतेय. लांब कुठंतरी कुणीतरी घासतंय, एका लयीत, थांबत नाही.

"आबा, कुणीतरी काम करतंय आत."

आबा तिचं डोकं तसंच दाबून धरतात.

"आबा, कोण आहे?"

घासणं वाढतं, दुप्पट होतं, चारही बाजूंनी होतं, आणि ते लेथ आहेत. वीज आलीय. उद्यमनगर पुन्हा सुरू झालंय. शालन झाकणावर तोंड टेकून बसलीय, मान आखडलीय, ओठाच्या कडेला लाळ. दारात जयेंद्र शितोळे उभा आहे, गॉगल कपाळावर चढवून.

"झोपलात होय, ताई? चार वाजले." तो जवळ येतो, झाकण बघतो. "बुजवली नाहीत?"

"नाही."

"अहो, रविवार तोंडावर आलाय. वीज नव्हती का? आता आलीय ना, आता बुजवा."

"पट्टी कापून देते. चार बोटांवर भोकं पाडते, दिवा झकास बसेल."

"पट्टी ओरिजिनल आहे, शालनताई."

"झाकणही ओरिजिनलच आहे."

"झाकणावरची भोकं नाहीत पण. कुणा टपरीवाल्यानं पाडलीत ती, कळत नाही का तुम्हाला?"

शालन त्याच्याकडे बघते. सांगावं का? पण सांगायचं काय, तिला तरी कुठं ठाऊक आहे? आबांनाच आठवलं नाही. "कुणी पाडलीत ते मला माहीत नाही," ती म्हणते. "माझ्या हातानं बुजणार नाहीत, एवढं माहीत आहे. दुसऱ्या कुणाकडून करून घ्या."

"दोन भोकांसाठी काम सोडताय?"

"सोडतेय."

जयेंद्र डबा उचलतो, झाकण काखेत मारतो. दारापर्यंत जाऊन थांबतो. "आणि गालाला काय झालंय बघा तुमच्या. काही चावलं की काय?"

तो गेल्यावर ती दुरुस्तीला आलेल्या जीपच्या आरशात वाकून बघते. उजव्या गालावर दोन लाल वळ उमटलेत, गोल, एक डोळ्याखाली आणि एक जबड्याजवळ. ती मधे बोटं ठेवून बघते. चार. डोळ्याखालचा वळ बघता बघता विरत चाललाय. जबड्याजवळच्याची कडा अजून बोटाला लागते.