रियाधचे चिलखती घोडेस्वार आणि जावयावर माझी पाळत

मुग्धाच्या खांद्यावरचा काळानिळा डाग दिसला नसता, तर रियाधच्या हिवाळी जत्रेला मी नाहीच म्हणाले असते. घोड्यांचे खेळ मला बघवत नाहीत. कॉलेजात असताना मुग्धा नाशकात घोड्यावरून पडली होती. तेव्हापासून आमच्या घरात घोड्याचं नाव निघत नाही.

मी सौदीत जुबैलला लेकीकडे, मुग्धाकडे, गेले होते. तिच्या डोक्याला तेल लावताना गाऊनचा गळा सरकला आणि डाव्या खांद्यावर डाग दिसला.

"हे काय गं?"

"दार लागलं, आई."

दार इतक्या वर लागतं? स्वयंपाकघरातून जावई निखिल डोकावला, दोघांची नजरानजर झाली आणि तो लगेच आत वळला. माझ्या मनात संशय शिरला. निखिलने सुट्टीत रियाधला जायचं काढलं, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. चार-पाच तास गाडीत दोघं माझ्या नजरेखाली राहणार होते.

दम्माम मागे पडलं की रस्ता रुंद, सरळ आणि झोप आणणारा. दोन्हीकडे वाळू, कुंपणापलीकडे उंट. थांबायचं तर मोठ्या पेट्रोल पंपावरच थांबा, तिथे स्वच्छतागृह बरं असतं आणि चहाही कडक मिळतो. निखिलने माझ्यासाठी गरम पराठा आणला, मुग्धाच्या हातातली बॅग घेतली. इतका गोड? माझा संशय वाढलाच.

"आई, मागे पाय लांब करून बसा."

"मी ठीक आहे, निखिलराव."

"मुग्धा, आज मी 'राव' झालो! काहीतरी चुकलंय माझं."

मुग्धा हसली नाही. तेही मी टिपलं.

तिकिटं आधीच ऑनलाइन काढा आणि शाल न्या, संध्याकाळी बोचरी थंडी पडते. जत्रेत खोटा किल्ला उभारला होता. व्हिडिओ गेममधल्या सरदारांसारखी शिरस्त्राणं घालून पोरंपोरी सेल्फी काढत होती. आमच्या कॉन्व्हेंटच्या धड्यांतही असे सरदार होते, बाईपुढे गुडघा टेकणारे, दुबळ्यांना जपणारे. सिस्टर किती ओढीने वाचायच्या! वेण्यांना रिबिनी बांधलेल्या आम्ही मुली सगळं खरं मानायचो. आता निखिलकडे तिरक्या नजरेने बघताना वाटलं, चारचौघांत गुडघा टेकणारा घरी कसा वागतो, ते धड्यात कुठे होतं?

मग जाउस्टिंग, म्हणजे घोड्यावरून भाल्यांची झुंज, सुरू झालं. मधे लांब कठडा, दोन्ही टोकांना चिलखतातले स्वार. निवेदक आधी अरबीत, मग इंग्रजीत सांगत होता: भाला उजव्या हातात, पण तो घोड्याच्या मानेवरून डावीकडे रोखायचा, कारण प्रतिस्पर्धी डाव्या बाजूने येतो. मार बसतो तो डाव्या खांद्यावरच्या ढालीवर. टोक हलक्या लाकडाचं, फुटण्यासाठीच केलेलं.

घोडे सुटले. धाड! ढलप्या उडाल्या, लोक किंचाळले. मुग्धाचा हात मात्र नकळत तिच्या डाव्या खांद्यावर गेला. नेमका त्याच जागी.

"मुग्धा!"

"आई, इथे ओरडू नकोस."

"कधीपासून?"

निखिल वाकून म्हणाला, "जुबैलबाहेरच्या तबेल्यात हेच शिकते. मी तर म्हणत होतो, सांगून टाक."

"तू गप्प रे. तुझ्या पोटात काही राहत नाही."

"राहिलं की! आणि आई माझ्याकडे चोरासारखं बघतायत."

"चोर नाही," मी म्हणाले. "मला वाटलं, तू हात उचलतोस."

निखिलचं हसू मावळलं. तो म्हणाला, "बरं केलंत, आई. असा डाग बघून कुणी लक्षच ठेवलं नसतं तर?"

माझा राग आता मुग्धावर वळला. खेळानंतर ती मला चिलखतं दाखवायला घेऊन गेली. आत घालायचा जाड, टाके घातलेला कोट मी उलटून पाहिला. ही तर गोधडीच! आणि टाके बोट-बोट अंतरावर.

"हे घालून मार खातेस?"

"सोड म्हणू नकोस, आई. पुन्हा घोड्यावर बसले तेव्हा कुठे माझी भीती गेली."

माझी गेलेली नाही, एवढंच म्हणाले.

नाशकात परतल्यावर जुन्या सुती साड्यांचे थर करून खांद्याची गादी शिवली, सिस्टरांनी शिकवलेल्या बारीक धावदोऱ्याने, आणि तिकडे जाणाऱ्या एका ओळखीच्या बाईंकडे दिली. मुग्धा ती घालते म्हणे. माझा 'म्हणे'वर विश्वास नाही. दर शुक्रवारी व्हिडिओ कॉलवर खांदा दाखवावा लागतो. परवा डाग पिवळट दिसला.

"जुनाच आहे, आई," निखिल म्हणाला.

"कॅमेरा जवळ ने रे, निखिल."