सीट उंच करायची दांडी

“मॅडम, गाडी काय रोज घेत न्हाई मानूस. घ्यायची तर टॉपच घ्यायची,” संतोषराव म्हणाले. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोनं, मनीषाताईंनी, ब्रोशर आपल्याकडं ओढलं आणि बेस मॉडेलच्या फोटोवर बोट ठेवलं.

मी नगरच्या एका कार शोरूममध्ये सेल्सचं काम करते. तेव्हा पितृपक्ष चालू होता. त्या पंधरवड्यात आमच्याकडं कोणी गाडी बुक करत नाही. लोक येतात ते नुसतं बघायला. भाव काढतात, गाडीत बसून बघतात आणि बुकिंग घटस्थापनेला करतात. हे दोघंही तसेच आले होते, जामखेडच्या पुढच्या एका गावातून. बरोबर त्यांची सहा वर्षांची मुलगी होती, आरोही. तिच्या कानामागं एक छोटं मशीन होतं आणि त्याची गोल चकती केसांमध्ये डोक्याला चिकटलेली होती. ती शोरूममधल्या लाल गाडीभोवती फिरत होती आणि प्रत्येक दाराच्या काचेत तोंड बघत होती.

आधी व्हेरियंट म्हणजे काय ते सांगते, कारण बरेच जण इथंच गोंधळतात. गाडी एकच असते. इंजिन तेच, पत्रा तोच, हल्ली एअरबॅगही बहुतेक सगळ्यांत सारख्याच. वरचं सामान बदलतं. ज्यात कमीत कमी सामान ती बेस. ज्यात सगळं ती टॉप. मधली ती मिड. आमच्या या छोट्या गाडीत टॉपला छतावर उघडणारी काच, म्हणजे सनरूफ, मोठा स्क्रीन, अलॉय व्हील आणि चावी न फिरवता बटणावर चालू होणारं इंजिन होतं. त्यासाठी बेसपेक्षा बराच जास्त पैसा मोजावा लागत होता.

टॉप विकणं अवघड नसतं. गिऱ्हाइकाला आत बसवायचं, सनरूफ उघडायचं आणि आपण गप्प राहायचं. संतोषरावांना सकाळीच कोणीतरी तसं बसवलं होतं. त्यांचा ऊस वाहतुकीचा ट्रक होता. दिवाळी झाली की ते कारखान्यावर जात ते उन्हाळा लागेपर्यंत. वर्षानुवर्षं ट्रकच्या केबिनमध्ये काढलेल्या माणसाला त्या सीटवर बसून काय वाटलं असेल, ते मला समजत होतं. शिवाय मुलीसाठी घ्यायची गाडी आहे, तर तिला उणं कशाला, असं त्यांचं साधं म्हणणं होतं.

मी मनीषाताईंना विचारलं, तुम्हाला बेस का हवी?

त्या नवऱ्याकडं बघून बोलल्या. “तुमी गेल्यावर ती दारातच उभी ऱ्हानार. मग टॉप काय आन बेस काय.”

तेव्हा मी विचारलं की गाडी चालवणार कोण. संतोषराव म्हणाले, मी. आणि उसाच्या सीझनला? चुलतभाऊ आहे, लागेल तेव्हा येईल, म्हणाले. मनीषाताई म्हणाल्या की मागच्या वर्षीही तो येणारच होता.

मग सगळं हळूहळू बाहेर आलं. आरोहीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. सरकारी योजनेतून ऑपरेशन झालं आणि कानात यंत्र बसलं. यंत्र बसलं म्हणजे मूल लगेच बोलू लागत नाही. आवाज काय असतो, शब्द काय असतो, हे त्याला शिकवावं लागतं. त्याला स्पीच थेरपी म्हणतात. ती आठवड्यातून दोनदा, नगरला. नवरा घरी असेपर्यंत ते कोणाची तरी गाडी मागून नेत. सीझन लागला की मनीषाताई एकट्या मुलीला घेऊन एसटीनं येत. आधी जामखेड, तिथून नगर. एसटीच्या खडखडाटाचा मुलीला त्रास व्हायचा. ती डोक्याची चकती ओढून काढायची आणि नगर येईपर्यंत लावूच द्यायची नाही. थेरपीला पोचेपर्यंत ती रडून थकलेली असायची. मागच्या सीझनला शेवटी येणंच सुटलं. शिमग्यापर्यंत मुलगी आधी शिकलेले शब्दही वापरेनाशी झाली. आता पुन्हा खंड पडला तर पुढं कठीण जाईल, असं थेरपीच्या मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं.

म्हणजे गाडी घ्यायची ती सीझनसाठी, आणि सीझनला ती चालवायला घरात कोणी नाही. ही गोष्ट दोघांनाही माहीत होती. पण बोलणं चाललं होतं सनरूफवर.

“ताई, तुम्ही शिकला नाहीत का?” मी विचारलं.

उत्तर संतोषरावांनी दिलं. “दोन वर्षं झाली, लायसन काडलंय तिनं. पर जमत न्हाई. भ्याती ती.” ते टोचून बोलले नाहीत. एखाद्याला पोहता येत नाही हे सांगावं, तितक्या सहज म्हणाले. मनीषाताईंनीही मान हलवली. त्यांनाही ते पटलेलं होतं.

मी त्यांना शोरूममधल्या बेस गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर बसायला सांगितलं. चालवायची नाही, फक्त बसा, म्हटलं. त्या बसल्या आणि मी दारात उभी राहून बघत राहिले. मनीषाताई उंचीनं बऱ्याच कमी होत्या. पाय क्लचपर्यंत पोचावा म्हणून त्यांनी सीट पार पुढं घेतली. तरी स्टीअरिंगच्या वरून बाहेरचं दिसेना. मग त्यांनी पाठ सीटपासून सोडवली, हनुवटी वर केली आणि मान ताणून समोर बघू लागल्या. सीटबेल्ट खांद्यावरून न जाता गळ्यावरून गेला. त्यांनी तो सवयीनं एका हातानं खाली धरला.

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये अशाच बसायचात का, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या की तिथं उशी द्यायचे. उशी ब्रेक मारला की सरकायची. पुढचा पत्रा कुठं संपतो ते दिसायचं नाही, म्हणून समोरून काही आलं की त्या थांबून जायच्या. मागचे हॉर्न मारायचे. एकदा उतरावर उशीसकट पुढं सरकल्या आणि पाय ब्रेकवरून सुटला. काही झालं नाही, पण त्यानंतर त्यांनी स्टीअरिंगला हात लावला नव्हता.

आमची डेमो कार, म्हणजे गिऱ्हाइकाला चालवून बघायला ठेवलेली गाडी, टॉप मॉडेलची असते. ती मी मागच्या यार्डात घ्यायला सांगितली. यार्ड म्हणजे नव्या गाड्या उभ्या करायचं मोकळं मैदान. मनीषाताई नको नको म्हणत होत्या. मी त्यांना बसवलं. दिवसभर आमची सेल्सची मुलं ती गाडी चालवतात, त्यामुळे सीट एकदम खाली होती. ताईंची मान पुन्हा ताणली गेली.

ड्रायव्हर सीटच्या बाजूला, दाराच्या फटीत, एक दांडी असते. हापसा मारतात तशी ती वरखाली केली की सीट थोडी थोडी वर येते. मी त्यांचा हात त्या दांडीवर ठेवला. त्यांनी हापसायला सुरुवात केली. आधी त्यांचे खांदे वर आले, मग हनुवटी खाली आली, मग पाठ आपोआप सीटला टेकली. बेल्ट खांद्यावर बसला. त्या थांबल्या आणि समोर बघत राहिल्या.

“पुढचा पत्रा दिसतुय,” त्या म्हणाल्या.

मी शेजारी बसले. पहिल्यांदा गाडी बंद पडली, दुसऱ्यांदा गचके खाल्ले. मग ती चालू लागली. त्यांनी उभ्या गाड्यांच्या रांगेभोवती एक फेरी मारली आणि मी न सांगता दुसरी. संतोषराव पोरीला कडेवर घेऊन भिंतीजवळ उभे होते. आम्ही उतरल्यावर ते गाडीजवळ आले. त्यांनी वाकून त्या दांडीकडं बघितलं, स्वतः एकदा वरखाली करून पाहिली आणि म्हणाले, “येवड्यासाठी दोन वर्षं गेली का हिची?”

मग माझ्याकडं वळून म्हणाले, “ठरलं. टॉपच द्या.”

खरं तर इथं माझं काम संपत होतं. पांढऱ्या रंगाची टॉप गाडी यार्डातच उभी होती. पण ती दांडी मिडलाही असते. बेसला नसते, मिडला असते. मी ते सांगितलं. टॉपमध्ये तुम्हाला जास्तीचं जे मिळेल ते चांगलंच आहे, पण ताईंना गाडी चालवायला त्यातलं काही लागत नाही, हेही सांगितलं. मनीषाताई लगेच म्हणाल्या की कानाच्या मशीनच्या वायरी तुटतात, बॅटरी जाते, दरसाल काही ना काही लागतंच. वरचा पैसा त्याला राहू दे.

शिंदे सरांनी, म्हणजे आमच्या सेल्स मॅनेजरनी, मला केबिनमध्ये बोलावलं. ते चिडके नाहीत, पण टार्गेट त्यांच्या डोक्यावर असतं. ते म्हणाले, “मॅडम, गिऱ्हाईक स्वतःहून वर जातंय आणि तुम्ही त्याला खाली आणताय.”

मी म्हटलं, सर, घरी गेल्यावर कोणीतरी त्यांना सांगणारच की ती दांडी मिडलाही होती. मग ते आपल्याकडं कशाला येतील?

त्यावर त्यांनी वेगळाच मुद्दा काढला. मिडला वेटिंग होतं. आज बुक केली तरी गाडी दिवाळीनंतर हातात येणार. तोवर संतोषराव कारखान्यावर. “मग त्या ताईंना रस्त्यावर हात बसवून देणार कोण?” सरांनी विचारलं. “टॉप घटस्थापनेला घेतली तर महिनाभर नवरा शेजारी बसेल. त्या महिन्याची काही किंमत आहे की नाही?”

ते माल खपवायला बोलत होते, पण बोलत होते ते खरं होतं. मी बाहेर येऊन दोघांना जसंच्या तसं सांगितलं. पहिल्यांदाच टॉप घ्यायला एक खरं कारण मिळालं होतं. संतोषराव म्हणाले की घरी जाऊन विचार करतो. आरोही तोवर लाल गाडीजवळच झोपली होती. तिला खांद्यावर टाकून ते गेले.

दुसऱ्या दिवशी मी फोन लावत बसले. एका डीलरकडं नसलेली गाडी दुसऱ्याकडं असेल तर आम्ही आपसात घेतो. बदल्यात आपल्याकडची एखादी द्यावी लागते. श्रीरामपूरच्या डीलरकडं एक मिड उभी होती. ती विकली गेली नव्हती ती रंगामुळं. मातकट तपकिरी. आमच्या भागात त्या रंगाला कोणी हात लावत नाही. लोक पांढरी घेतात, फार तर लाल किंवा चंदेरी. मी शिंदे सरांना विचारलं. आपली पांढरी टॉप त्यांना द्यायची आणि तपकिरी मिड आपण आणायची. टॉप नाहीतरी यार्डात उन्हात उभीच होती. ते हो म्हणाले.

मी संतोषरावांना गाडीचा फोटो पाठवला. लगेच फोन आला. रंग त्यांना अजिबात आवडला नव्हता. गावात लोक हसतील, शेणामातीनं सारवल्यासारखी दिसते, म्हणाले. मागून मनीषाताईंचा आवाज आला, “बरंय की. आपल्या रस्त्याची धूळ दिसायची न्हाई.” मग संतोषराव म्हणाले, “मॅडम, घटस्थापनेला येतो.”

ठरल्याप्रमाणे ते आले. गाडीची पूजा मनीषाताईंनी केली आणि गेटमधून गाडी संतोषरावांनी बाहेर काढली. पुढच्या वळणावर गाडी थांबलेली मला आतून दिसली. दोघं उतरले, गाडीला वळसा घालून त्यांनी जागा बदलल्या आणि गाडी पुन्हा सुरू झाली. लगेच बंद पडली, परत सुरू झाली आणि गेली.

थंडीच्या दिवसांत मनीषाताई पहिल्या सर्व्हिसिंगला आल्या. एकट्या, म्हणजे आरोहीला घेऊन. थेरपी उरकून आल्या होत्या. मी चहा सांगितला. संतोषराव कारखान्यावर होते. ते जाईपर्यंत रोज संध्याकाळी शेजारी बसायचे आणि सारखे ओरडायचे, असं त्यांनी सांगितलं. शेवटच्या आठवड्यात ओरडणं थांबलं, तेव्हा कळलं की आता जमायला लागलंय. दिवाळीनंतर थेरपी एकदाच चुकली, तीही मुलीला ताप आला म्हणून.

मुलगी कशी आहे, मी विचारलं.

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, “गाडीत मी पुढं बघत अस्ते. मागं वळता येत न्हाई. तिला माजं तोंड दिसत न्हाई, व्हट दिसत न्हाईत. तरी मी इचारलं तर मागून उत्तर देती.”

मला ते समजायला एक क्षण लागला. घरी ती ओठांकडं बघून ओळखते की कानांनी ऐकते, हे त्यांना कधी नक्की सांगता येत नव्हतं. गाडीनं ते सांगितलं होतं. असली सोय कुठल्याच व्हेरियंटच्या यादीत नसते.

मी गाडीबद्दल विचारलं. काही अडचण? त्या म्हणाल्या, एकच. पहाटे निघताना मागच्या काचेवर दव असतं, त्यावर रस्त्याची धूळ बसते आणि मागचं काही दिसत नाही. मग गाडी बाजूला घेऊन उतरायचं आणि फडक्यानं पुसायचं. मागच्या काचेला वायपर बसवून मिळेल का?

मागचा वायपर टॉपलाच येतो. बाहेरून बसवला तर नीट बसत नाही आणि वॉरंटीची भानगड होते, हे मी त्यांना सांगितलं. पितृपक्षात आम्ही इतकं बोललो, पण त्या वायपरचं नाव शिंदे सरांनी घेतलं नव्हतं, संतोषरावांनी नाही आणि मीही नाही. मनीषाताई म्हणाल्या, जाऊ द्या, फडकं आहेच.

तेव्हापासून कोणी टॉप का घ्यावी असं विचारलं, तर मी त्यांना आधी मागच्या बाजूला नेते आणि वायपर दाखवते. सनरूफ ते स्वतःच शोधून काढतात.