उजव्या हाताच्या बांगड्या

मला राग लवकर येतो. आई म्हणते, बाकीची पोरं जन्माला आल्यावर रडतात, ही भांडली. त्यामुळे राग मला नवीन नाही. पण दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये, अंधेरीच्या मासळी बाजारात सुकटीच्या ढिगासमोर उभी असताना जो आला, तो अजून पुरता उतरलेला नाही. त्यातला अर्धा माझ्या स्वतःवरचा आहे. म्हणून लिहून टाकते.

मी समुद्राच्या काचेचे दागिने करते. लोक विचारतात, "म्हणजे कचऱ्याचे?" हो, कचऱ्याचेच. कोणीतरी पिऊन फेकलेली बाटली फुटते, तिचे तुकडे वर्षानुवर्षं वाळूत आणि लाटांत घासले जातात, धार जाते, चकाकी जाते आणि वर सायीसारखा पातळ पडदा येतो. तपकिरी तुकडे बिअरच्या बाटल्यांचे, पांढरे सोड्याच्या, निळा मिळाला तर तो दिवस झकास. मी ते वेसाव्याच्या, म्हणजे वर्सोव्याच्या, किनाऱ्यावरून ओहोटीला वेचते, घरी आणून आठवडाभर गोड्या पाण्यात ठेवते आणि मग स्वयंपाकाच्या ओट्यावर भोकं पाडते. काच ताटलीतल्या पाण्यात बुडवायची आणि बारीक ड्रिल अगदी सावकाश दाबायचा. घाई केली की तडा. मग चांदीची तार, कडी, आणि झाले डूल किंवा अंबाड्यात खोवायचा काटा. आईची तक्रार एकच, काचेचा भुगा तिच्या डाळीत जातो. ती मूळची मालवणची, डाळीबद्दल नाही तर माशाबद्दल बोलायला हवं, पण ओटा दोघींचा एकच आहे.

माझा एक नियम होता आणि त्याचा मला भारी अभिमान होता. काच घासायची नाही, कापायची नाही. समुद्राने जो आकार दिला तो ठेवायचा. प्रदर्शनात हे मी येणाऱ्या प्रत्येकीला ऐकवायचे, नाक वर करून.

वेसाव्याची मावशी मला काच देऊ लागली ती या नादातूनच. आम्ही तिच्याकडून वर्षानुवर्षं मासे घेतो. साठीची कोळीण, अंधेरीच्या बाजारात बसते. तिचा नवरा बोटीवर तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, खलाशांचा म्होरक्या. पहाटे जाळ्यातला कचरा निवडताना तिला काच सापडायची. ते तुकडे ती पिशवीत बांधून माशांबरोबर माझ्या हातात ठेवायची. "घे तुजं सोनं," म्हणायची आणि हसायची. त्या काचेचे ती पैसे घेत नसे. मी तिला एकदा पांढऱ्या काचेचे डूल करून दिले, ते तिने सुनेला दिले.

रविवारी मी किनाऱ्यावरच जायचे, तिच्या शेजारी बसून निवडायचे. तिथे एक गोष्ट लक्षात आली. हिरव्या बांगडीचा तुकडा दिसला की मावशी तो माझ्या पिशवीत टाकत नसे. पायाच्या अंगठ्याने बाजूला सारायची आणि उठताना सगळे तुकडे ओंजळीत घेऊन पाण्यात सोडायची. मला वाटलं, बारीक आहेत म्हणून टाकते. मला तर तेच हवे होते. समुद्राने गुळगुळीत केलेली ती छोटीशी कमान, आत हिरवा रंग आणि वर धुकं. तसा आकार करायला गेलं तर जमणार नाही. ती गेली की मी पुढच्या ओहोटीला येऊन तेवढे शोधायचे. तीन महिन्यांत डबीभर जमले.

मग एकदा विचारलं, मावशी, हे का टाकतेस गं? तिने उजवा हात पुढे केला. डाव्या हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा, उजव्यात फक्त चांदीची जाड कडी. एवढी वर्षं तो हात मी बघत होते आणि कधी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, आमच्यात लग्नात नवरीच्या उजव्या हातातल्या बांगड्या काढून दर्याला देतात. माझा नवरा तुझ्यावर जाणार, त्याला सांभाळ, म्हणून. तिच्या आईने दिल्या, सासूने दिल्या, तिने दिल्या. "माज्या पन यातच कुठंतरी हायेत. दिलेली वस्तू परत कशी उचलू गो?"

ऐकून माझे डोळे भरून आले. तिच्या दोन्ही हातांचा फोटो काढू का विचारलं. ती म्हणाली, काढ. अंगठ्याच्या मुळाशी पाकट माशाचा काटा लागल्याची जुनी खूण आहे, तीसुद्धा फोटोत आली. मग मी घरी आले, डबी उघडली आणि त्याच रात्री नाही, पण त्याच आठवड्यात पहिल्या कमानीला भोक पाडलं. स्वतःला समजावलं की हे तुकडे तिचे कशावरून? समुद्र काय तिच्या एकटीचा आहे? आणि तिला कुठे कळणार आहे. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

माझी कॉलेजची मैत्रीण पार्ल्यात एक दुकान चालवते. कपडे, दागिने, मेणबत्त्या, सगळं हाताने केलेलं आणि सगळं महाग. मी तिला पाच अंबाड्याचे काटे आणि चार जोड डूल दिले, सगळे हिरव्या कमानींचे. वर चहा पिताना बांगड्यांची गोष्टही सांगितली आणि फोटोही पाठवला. कोणी मागितला नव्हता. मीच पाठवला, कारण मला कौतुक करून घ्यायचं होतं.

जुलैमध्ये मासेमारी बंद, म्हणून मावशी बाजारात सुकट आणि सुके बोंबील घेऊन बसलेली. मी नेहमीसारखी गेले. तिने माझ्याकडे बघितलं नाही. शेजारच्या गिऱ्हाइकाचं पार पडेपर्यंत मला उभं ठेवलं आणि मग पदराखालून सुनेचा मोबाइल काढून माझ्यासमोर धरला. दुकानाच्या इंटरनेटवरच्या पानावर तिचे हात होते. तोच फोटो, तीच कडी, तीच पाकटाची खूण. वेसाव्यात शेंबडं पोरही ओळखेल ते हात कोणाचे. खाली दागिन्याबरोबर द्यायच्या कार्डाचा फोटो, त्यावर इंग्रजीत मजकूर. मराठीत सांगायचं तर असा, की समुद्राने नवरा नेल्यावर कोळिणीने फोडलेल्या बांगडीचा हा तुकडा, एका विधवेचा अश्रू तुमच्या कानात.

"सुनेनं वाचून दाखवलं," मावशी म्हणाली. आवाज अजिबात चढवला नाही. "माजा घोव घरात बसून जालं शिवतोय. तू मना रंडकी केलंस."

मी म्हटलं, मी नाही लिहिलं हे. ती म्हणाली, "फोटू कुनी काढलान? काचा कुनी उचलल्या?"

मग तिने एवढंच सांगितलं. नारळी पुनवेनंतर बोट सुटणार, तिच्यावर नवरा जाणार. त्याआधी ते पान गेलं पाहिजे आणि दर्याच्या सगळ्या काचा दर्यात गेल्या पाहिजेत. तो पाण्यावर असताना त्याच्या नावाने असलं अभद्र जगात फिरता कामा नये. "त्याला मी सांगितलेलं नाय. सांगनार बी नाय. तू निस्तर." आणि पुढच्या गिऱ्हाइकाला सुकट मोजून देऊ लागली.

घरी आईला सांगितलं तर तिने माझी बाजू घेतली नाही. "शिरा पडो तुझ्या तोंडार," म्हणाली. "कोणाचा घेतलंस, तेका परत दी. माका कित्याक सांगतंस?"

रिक्षात बसले तेव्हा माझं डोकं नुसतं तापलेलं होतं. अंधेरी ते पार्ले, मनात मैत्रिणीची पार धुलाई करून झाली. दुकानात शिरले तर ती एका बाईला मेणबत्तीचा वास देत होती. बाई जाईपर्यंतही मी थांबले नाही. काचेच्या कपाटावर ती कार्डं उभी केलेली, सोनेरी कडेची, सुंदर कागद. मी एकेक उचलून फाडायला लागले.

"अगं ए, वेडी झालीस का तू?"

"हे विधवा कुठून आणलंस?"

"अगं, चिल. तू सांगितलेलीच गोष्ट आहे ना. थोडी टाइट केली. नवरीने समुद्रात बांगडी टाकली, त्यात काय आहे यार? विधवा म्हटलं की लोकांना टच होतं. परवा एकजण रडली इथे उभी राहून."

"तिचा नवरा जिवंत आहे. त्याच बोटीवर जाणार आहे परत."

"बरं, पण तिला कुठे कळणारे?"

माझा हात वर गेला होता. मारला असता का, माहीत नाही. पण ते वाक्य ऐकलं आणि हात तसाच राहिला, कारण ते माझं होतं. शब्दाला शब्द. ओट्यावर ड्रिल हातात घेऊन मी हेच म्हटलं होतं. फरक एवढाच की तिने कार्ड छापलं आणि मी भोक पाडलं. इतकी चीड मला आयुष्यात स्वतःची आली नव्हती, आणि मैत्रिणीवरची कमी झाली असंही नाही. काच घासायची नाही, आकार बिघडवायचा नाही म्हणून मिरवणारी मी. बाईच्या हाताची काहीच पत्रास ठेवली नाही.

पान मी तिला माझ्यासमोर काढायला लावलं. तोंड वेडंवाकडं करत तिने काढलं. पाच काटे मिळाले, डूल तीनच जोड. चौथा विकला गेला होता, त्या रडणाऱ्या बाईला. नाव माहीत नाही, नंबर नाही. "मुलुंडची होती बहुतेक," मैत्रीण म्हणाली. मग म्हणाली, "एका जोडीसाठी एवढं काय?" तेव्हापासून मी तिच्याशी बोललेली नाही. आमची वीस वर्षांची मैत्री होती आणि मला तिची आठवणही येत नाही, असं मी सगळ्यांना सांगते.

पुनवेच्या दोन दिवस आधी सकाळी मी वेसाव्याला गेले. बोटी ओढून घेतलेल्या, कोणी रंग देतंय, कोणी जाळी भरतंय. मावशी बायकांबरोबर बसली होती. मी पिशवी पुढे केली, त्यात काटे, डूल आणि डबीत उरलेले तुकडे. मनात होतं की पाण्यात सोडायचं, माफी मागायची, सुटायचं. तिने एक काटा बाहेर काढला आणि उन्हात धरला.

"तारेसकट टाकशील? मासा गिलला म्हंजे?"

पक्कड माझ्या पर्समध्ये असतेच. मी तिथेच एका फळीवर बसले आणि माझं तीन महिन्यांचं काम सोडवायला लागले. प्रत्येक वेढा मी हाताने दिलेला, एकही सुटायला सोपा नाही, कारण सुटू नये असेच मी देते. बायका बघत होत्या. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला वाटत राहिलं. बोटांना तार लागून रक्त आलं. मावशीने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला, पण थांब म्हणाली नाही.

सगळ्या कमानी एका वाटीत जमल्या. मावशीने एक उचलून बोटात फिरवली. दोन्ही टोकांना मी पाडलेली भोकं, अगदी सुबक, एकही तडा नाही.

"ही कशी बुजवशील?"

मी म्हटलं, नाही बुजत.

तिने मान हलवली. आम्ही दोघी गुडघाभर पाण्यात गेलो आणि तिने वाटी माझ्याच हातात दिली. मी ओतली. वळताना मी तिला सांगितलं की एक जोड गेलाय, सापडणार नाही, मुलुंडला कुठेतरी कोणाच्यातरी कानात आहे. हे न सांगता चाललं असतं. तिने मोजले नव्हते. पण पुन्हा तेच वाक्य मनात आलं, तिला कुठे कळणार, आणि मला त्या वाक्याचा इतका तिटकारा आला होता की सांगूनच टाकलं.

मावशीने रिकामी वाटी माझ्या हातातून घेतली. मग म्हणाली, "त्यो जाईल आता. परत येईस्तवर तू पन वाट बघ. मी एकटीनंच काय म्हनून बघू?"

बोट सुटली. मी ड्रिल हातात घेतला नाही. मोबाइलवर वारा बघायचे, टीव्हीवर किनारपट्टीचा इशारा आला की उठून उभी राहायचे. मुलुंडची असो नाहीतर घाटकोपरची, समोरून बाई आली की आधी तिच्या कानांकडे बघायचे. ज्या माणसाशी मी आयुष्यात दोन वाक्यं बोलले असेन, त्याच्यासाठी घशाखाली घास उतरेना. आणि चिडचिड, सतत चिडचिड. ही बाई चाळीस वर्षं हे करतेय, दर फेरीला, बाजारात बसून, मला मांदेली साफ करून देताना सुद्धा, आणि मला तिच्या हातात फक्त फोटो दिसला. आई कंटाळली. बाजारात जाऊन मावशीसमोर माझं गाऱ्हाणं घालून आली, की पोरगी जेवत नाही. मला हे मागाहून कळलं.

नवव्या दिवशी दुपारी फोन वाजला. मावशीने तोवर मला कधी फोन केला नव्हता.

"आला गो," ती म्हणाली. "जा, जेव आता."