लारवुडच्या शेतातलं सहावं नाणं

मेव्हिस थर्केटल एकाहत्तर वर्षांच्या. तीस वर्षं त्यांनी शाळेत पोरांना जेवण वाढलं आणि गेली बावीस वर्षं दर रविवारी इंग्लंडातल्या नॉरफकची शेतं पिंजून काढली. त्यांचं धातू शोधायचं यंत्र इतकं जुनं, की मूठ चिकटपट्टीवर तगून होती. पण खाली खिळा आहे की नाणं, हे बाई नुसत्या आवाजावरून सांगत.

एका रविवारी त्यांच्या धातुशोधकांच्या क्लबातला क्लाइव्ह गूच नवंकोरं यंत्र मिरवत आला.

"मेव्हिस, तुझा तो डबा आता भंगारात दे."

"तुझं खेळणं आधी वाजू तर दे!"

झालं, कुणाचं यंत्र सरस याची पैज लागली. क्लाइव्हनं लिलावात घेतलेली सहा चांदीची नाणी, सातशे वर्षांपूर्वीची, क्लबच्या चिटणिसांनी लारवुड नावाच्या शेतकऱ्याच्या शेतात पुरली आणि जागोजागी खुणेला काड्या रोवल्या. मेव्हिसबाईंनी आधी प्रत्येकाचं चित्र वहीत काढून घेतलं. चूक पुरतानाच झाली होती. आजची चिल्लर पुरायची सोडून या शहाण्यांनी खरी जुनी नाणी पुरली. वर लारवुडच्या कुत्र्यानं त्या काड्या पळवल्या. कशीबशी पाच नाणी सापडली.

"जाऊ दे," क्लाइव्ह म्हणाला. "माझंच तर होतं. चल, बिअर पिऊ."

"आणि उद्या ते कुणाला सापडलं म्हणजे? इथं जुना बाजार होता म्हणून नकाशावर खूण करतील. मातीत खोटं पुरून जायचं का रे आपण?"

शनिवारी पेरणी होती. मग वर्षभर शेतात पाऊल टाकायची सोय नव्हती. बाई रोज थर्मास घेऊन येत आणि एकट्या शोधत. गुडघ्यांनी असहकार पुकारला, तरी येत. असली माणसं हट्टी वाटतात, पण त्यांच्याच जिवावर बाकीच्यांचं निभावतं.

शुक्रवारी दुपारी यंत्र गोड वाजलं. क्लाइव्ह कुंपणाशी गंमत बघायला आला होता.

"मिळालं ना? सुटलीस बाई!"

बाईंनी माती पुसली, वही उघडली. हरवलेल्या नाण्याच्या कडेला खाच होती. याला नव्हती. हे शेताचं स्वतःचं होतं. बावीस वर्षांत त्यांना सापडलेलं इतकं जुनं पहिलंच चांदीचं नाणं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. हेच सहावं म्हटलं असतं, तर कुणी विचारलंही नसतं.

"तुझं नव्हे हे," त्या म्हणाल्या. जागा टिपून घेतली आणि पुन्हा यंत्र उचललं.

क्लाइव्ह कुंपणापासून मागे वळला. गाडीतून आपलं यंत्र घेऊन आला.

"कुठून सुरू करू, मेव्हिस?"

अंधार पडायच्या आत त्याचं यंत्र वाजलं. वीतभर खोल, कडेला खाच असलेलं नाणं.

"इथून मी तीनदा गेले होते," बाई म्हणाल्या. त्यांनी वही गुडघ्यावर ठेवली आणि पैजेच्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं: क्लाइव्हचं यंत्र सरस.

"अगं, राहू दे ते," क्लाइव्ह पुटपुटला.

"गप रे. खरं तेच लिहायचं."